चप्पल घालायची, साडी नेसायची, फेटा बांधायचा: जपानीत सांगायचं कसं?

प्रश्न: ताई नमस्कार. मी कोल्हापुरात सुभाषनगरात राहते, घरात चपलांचं काम आहे आणि माझी जपानीची एन-फोर परीक्षा झालीय. जपानमधल्या एका छोट्या दुकानाला आमच्या कापशी चपला पाठवायच्यात आणि जोडीला एक माहितीचं कार्ड टाकायचंय. इंग्लिश मजकूर चुलतभावाने लिहून दिला पण त्यात वेअर हा एकच शब्द सारखा येतोय. वेअर देम एव्हरी डे, दे वेअर वेल, द लेदर विल वेअर टु युअर फूट, डोन्ट वेअर इन रेन आणि शेवटी सोल वेअर इज नॉर्मल. मोबाइलवर ट्रान्सलेट केलं तर एका ठिकाणी किरु आलं, दुसऱ्या ठिकाणी मामो आलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी कळवलं की दोन वाक्यं नीट समजली नाहीत. लई डोकं लावलं, पण काय कळंना झालंय. वेअरला जपानीत नेमकं काय म्हणतात?

उत्तर: अगं, नेमका असा एक शब्द जपानीत नाहीच, आणि तू तो शोधत बसलीस म्हणूनच सगळं अडलंय. तुला एक सांगते, ते इंग्लिश कार्ड थोडा वेळ बाजूला ठेव आणि तुझ्या आईला किंवा आज्जीला विचार की ही पाच वाक्यं आपल्या गिऱ्हाइकाला तू कशी सांगशील. त्या काय म्हणतील? रोजच्या वापराला चांगली, टिकायला भारी, घालत गेलं की पायाला बसते, पावसात घालू नका, आणि तळ झिजायचाच. बघ, पाच वाक्यांत वेअरचे चार-पाच वेगळे शब्द झाले आणि एकदाही कुणाला अडखळावं लागलं नाही. आता ह्या मराठी वाक्यांवरून जपानीत जा, निम्मं काम झालेलं असेल. मी शिकवताना पोरांना कायम हेच सांगते. आपल्याकडची पोरं जपानी शिकतात ती इंग्लिशमधून, पुस्तकं इंग्लिशमध्ये, ॲप इंग्लिशमध्ये, त्यामुळे मधे इंग्लिश येणारच असं धरून चालतात, आणि आपल्या भाषेने जे आधीच वेगवेगळं करून ठेवलंय ते इंग्लिशच्या एका शब्दात कोंबून पुन्हा जपानीत सोडवत बसतात.

अंगावर घालायच्या गोष्टीच घे. आपण साडी नेसतो, शर्ट घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, गजरा माळतो, चष्मा लावतो. इंग्लिशला ह्या सगळ्याला वेअर पुरतं. जपानी माणूस मात्र आपल्यासारखाच वस्तू बघून क्रियापद निवडतो. शर्ट, कोट, किमोनो, म्हणजे वरचं अंग किंवा सगळं अंग झाकणारं काही असेल तर किरु. कमरेच्या खाली जे जातं ते हाकु, त्यात पँट आली, स्कर्ट आला, मोजे, बूट, चपला सगळं आलं. टोपी, हेल्मेट डोक्यावर, त्याला काबुरु. चष्म्याला काकेरु. टाय, बेल्ट, किमोनोवरचा ओबि म्हणजे कमरपट्टा आवळून बांधायचा तर शिमेरु, आणि गाडीतला सीटबेल्टपण शिमेरुच. गळ्यात मफलर गुंडाळला तर माकु, आणि आपला कोल्हापुरी फेटा जपानी माणसाला सांगायचा तर तोसुद्धा ताआबान ओ माकु. शाल खांद्यावर टाकली तर हाओरु, आपल्या पांघरण्याच्या एकदम जवळ. साज, बुगडी, नथ, घड्याळ असल्या वस्तूंना त्सुकेरु किंवा साधं सुरु, म्हणजे करणे, चालतं, अंगठीला हामेरुपण म्हणतात कारण ती बोटात बसवली जाते. अत्तर लावणंसुद्धा त्सुकेरु. साडीला किरु बिनधास्त म्हण, कारण ती सगळं अंग झाकते, आणि जरा नटवून लिहायचं असेल तर मातोउ असं एक सुंदर क्रियापद आहे, त्यात अंगाभोवती लपेटून घेतल्याचा भाव येतो. धोतर मात्र कोशि नि माकु, कमरेला गुंडाळणे, असं सांगितलं की समोरच्याला लगेच चित्र दिसतं.

हे पाठ करायची लांबलचक यादी म्हणून बघू नकोस. किरु, हाकु, काबुरु हे एन-फाइव्हला, म्हणजे अगदी पहिल्या पायरीलाच येतात, तुला ते माहीतच आहेत. अडचण फक्त तिथे येते जिथे मराठीचं वाटप आणि जपानीचं वाटप जुळत नाही. आपण शर्टपण घालतो आणि चप्पलपण घालतो, एकच क्रियापद, तिथे जपानी माणूस कमरेवर रेघ ओढतो. म्हणून तुझ्या चपलेला किरु आलं की वाचणाऱ्याला ते पार विचित्र लागतं, चप्पल अंगात कशी घालणार? उलट आपण नेसणं वेगळं ठेवतो, तो साडीला शर्टाच्याच रांगेत बसवतो. काढण्याचंही तसंच आहे, आपण चप्पल काढतो आणि चष्माही काढतो, जपानीत कपडे, बूट, टोपी काढली तर नुगु आणि चष्मा, घड्याळ, अंगठी काढली तर हाझुसु. अशा जागा एका वहीत लिहून ठेव, बाकीच्यांची काळजी करू नकोस.

आणि हो, जपानीतही सगळीकडे एकसारखं बोलत नाहीत. हातमोज्याला टोकियोकडे सुरु नाहीतर हामेरु म्हणतात, पण उत्तरेकडच्या होक्काइदोत लोक हातमोजेसुद्धा हाकु करतात. आपल्यात कसं पायात घालायचं काहीही असलं तरी म्हातारी माणसं पायताण म्हणतात, पुण्याच्या माणसाला ते वेगळं वाटतं, तसंच आहे ते. कार्डावर मात्र सगळीकडे चालेल तेच लिही.

व्याकरणातली एक गोष्ट पण इथेच सांगून टाकते कारण ती मराठी माणसाला फुकटात मिळते आणि तरी पोरं ती इंग्लिशमधून शिकून गोंधळतात. कुणीतरी लाल शर्टात उभं आहे, इंग्लिशमध्ये ते इज वेअरिंग होतं, पोरं त्याचं मनात घालत आहे असं करतात आणि मग किते इरु म्हणजे आत्ता बाह्यांत हात घालायला लागलाय असं समजतात. मराठीत आपण काय म्हणतो? त्याने लाल शर्ट घातलाय. घालून झालंय आणि अजून अंगावर आहे. किते इरुचा नेहमीचा अर्थ बरोबर तोच आहे. हाइते इरु म्हणजे चप्पल घातलीय, काकेते इरु म्हणजे चष्मा लावलाय. घातलाय, लावलाय, बांधलाय हे रूप डोक्यात ठेवलंस की क्रियापदापुढचं ते इरु कुठे चुकणार नाही.

आता तुझं कार्ड. पहिलं वाक्य रोजच्या वापराचं. इथे हाकु वापरून माइनिचि हाकेमासु असं लिहिलंस तरी चूक नाही, पण जपानीत ह्याच्यासाठी एक तयार शब्द आहे, फुदानबाकि, म्हणजे रोज पायात घालायचं. कपड्यांसाठी तोच शब्द फुदानगि होतो, म्हणजे घरचे रोजचे कपडे, बघ शब्दाच्या शेपटीतसुद्धा त्यांनी किरु आणि हाकु वेगळं ठेवलंय. फुदानबाकि नि पित्तारि देसु असं लिही, रोजच्या वापराला एकदम योग्य, दुकानात चपलेजवळ लावलेल्या पाटीवर जसं असतं तसं.

दुसरं, दे वेअर वेल. इथे घालण्याचा संबंधच नाही, टिकण्याचा आहे. जोओबु दे नागामोचि शिमासु, मजबूत आहे आणि खूप दिवस जाते. नागामोचि हा आपल्या टिकाऊसारखा घरगुती शब्द आहे, कुणालाही कळतो.

तिसरं वाक्य तुझ्या चपलेचा जीव आहे आणि ते मोबाइलवर सगळ्यात जास्त बिघडलंय. वेअर टु युअर फूट वाचून यंत्राला वाटलं चामडं झिजणार, म्हणून त्याने मामो घातलं. मामो म्हणजे यंत्राच्या भागांची झीज, ब्रेक पॅड, बेअरिंग, टायर ह्यांच्यासाठीचा कोरडा तांत्रिक शब्द. मालकीणबाईंना काय वाटलं असेल? की ही चप्पल पायाला घासून खराब होणार असं विकणारेच सांगताहेत. तुला म्हणायचंय पायाला बसते. त्याला नाजिमु हे क्रियापद आहे आणि चामड्याच्या वस्तूंबद्दल जपानी विक्रेते ते सतत वापरतात. हाकु होदो नि कावा गा आशि नि नाजिन्दे इकिमासु, म्हणजे जसजशी घालाल तसतसं चामडं पायाला बसत जाईल. नाजिमु माणसांसाठीपण वापरतात, नवीन गावात, नवीन ऑफिसात रुळणं म्हणजे नाजिमु, त्यामुळे ह्या वाक्यात एक मायेचा वास येतो जो तुमच्या चपलेला शोभतो.

इथेच एक खरं सांगायचं धाडस कर असं मी म्हणेन. नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते हे आपल्याला माहीत आहे, जपानी गिऱ्हाइकाला नाही. त्याला आधी सांगितलं नाही तर तो पहिल्याच दिवशी चप्पल कपाटात टाकून देईल. जपानीत चप्पल-बूट चावण्याला कुत्सुझुरे म्हणतात, बूट घासून झालेली जखम. पहिले काही दिवस थोडा थोडा वेळ घाला असं एक वाक्य टाक, आणि नवं पायताण घालून घालून मऊ करण्याला हाकिनारासु असं वेगळं क्रियापदच आहे, तेही वापर. प्रामाणिक माहितीला तिथली माणसं मान देतात आणि तुमच्या मालात लपवण्यासारखं काही नाहीये.

चौथं, पावसाचं. आमे नो हि नि हाकानाइदे कुदासाइ हे बरोबर आहे पण वस्तूच्या कार्डावर जरा तोंडावर फेकल्यासारखं वाटतं. आमे नो हि नो गोशियो वा ओहिकाए कुदासाइ असं लिही. ह्यात घालणं गेलं आणि गोशियो म्हणजे वापर आला, पावसाच्या दिवशी वापर टाळावा असा नम्र सूर. मूळ वाक्यात वेअर होतं म्हणून जपानीत घालायचं क्रियापद असलंच पाहिजे असा काही नियम नाही.

पाचवं झिजण्याचं. झिजण्याचेही प्रकार आहेत. कापड विरतं आणि तळ झिजतो, मराठीत आपण ह्या दोन्हीला एक शब्द वापरत नाही. जपानीत कापड विरलं, दोरा दोरा सुटायला लागला तर सुरिकिरेरु, आणि तळ घासून पातळ झाला तर सुरिहेरु. तुला दुसरा हवाय. सोको वा त्सुकाउ उचि नि सुकोशि झुत्सु सुरिहेत्ते इकिमासु, वापरता वापरता तळ हळूहळू झिजत जातो, आणि त्यापुढे फुर्योओहिन दे वा आरिमासेन, म्हणजे हा खराब माल नव्हे. चामड्याचा रंग उन्हाने आणि घामाने गडद होतो तेही सांगायचं असेल तर शब्द फार जपून निवड. केइनेन रेक्का म्हणजे जुनं होऊन खराब होणं, आणि केइनेन हेन्का म्हणजे वर्षांनी येणारा बदल, चामड्याची आवड असलेल्या जपानी लोकांना हा दुसरा शब्द फार प्रिय आहे, वस्तू आपल्याबरोबर बदलत जाते ह्याचा त्यांना आनंद वाटतो. इंग्लिशमध्ये दोन्हीला वेअर म्हणून भागलं असतं, इथे एका शब्दाने गिऱ्हाईक खूश होईल आणि दुसऱ्याने माल परत येईल.

अजून एक शब्द तुझ्या कार्डावर नाहीये पण असायलाच हवा. जपानी घरात दारातच, गेनकानमध्ये, चप्पल-बूट काढून आत जातात, दिवसातून कितीतरी वेळा काढघाल होते. त्या काढघालीला नुगिहाकि म्हणतात, नुगु आणि हाकु जोडून झालेला शब्द. तुमची चप्पल पटकन पायात सरकते, नाड्या बांधायच्या नाहीत, तर नुगिहाकि शियासुइ हे दोन शब्द ठळक टाक. आणि पायात कशी वाटते हे सांगायला हाकिगोकोचि आहे, कपड्यांसाठी तोच किगोकोचि होतो. साडीवर शोभते म्हणायचं असेल तर सारि नि योकु आइमासु, इथे पण घालायचं क्रियापद नको, जुळतं एवढंच सांगायचंय.

आता फोनवर टाइप करताना सांभाळ. हाकु लिहिलं की कीबोर्ड चार-पाच कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, पुढे करतो, त्यात एक झाडू मारणं आहे आणि एक उलटी करणं आहे, दोन्हींचा उच्चार हाकुच. घाईत चुकीच्यावर बोट पडलं तर कार्ड छापून वाया जाईल. पादत्राणांचा योग्य कांजी ओळखायची सोपी खूण सांगते, झोओरि म्हणजे त्यांची पारंपरिक चप्पल, त्या शब्दातला दुसरा कांजी हाच. नोकरीच्या अर्जाला लागणारा रिरेकिशो तू भरला असशील, त्याचा पहिला कांजीपण हाच. झोओरिचा उल्लेख कार्डात केलास तर चांगलंच आहे, अंगठ्याजवळची तिची पकड, हानाओ, तिथल्या माणसाला ओळखीची आहे, तुमच्या चपलेचा अंगठा त्याला लगेच समजेल. साइज मात्र तिथे पायाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये असतो, 23, 23.5, 24 असा, तुमचे नंबर तसेच टाकलेत तर उपयोग नाही.

पुढच्या वेळी शब्द अडला तर डिक्शनरीत पहिला दिसेल तो उचलू नकोस. वस्तूचं नाव, मधे ओ हा कर्माचा प्रत्यय, आणि मग क्रियापद, असं टाकून शोध आणि जपानी माणसं खरंच तसं लिहितात का बघ. कावा नो सान्दारु, म्हणजे चामड्याची सँडल, असं शोधून तिथल्या विक्रेत्यांची माहिती निवांत वाच, तुझ्या धंद्याचे सगळे शब्द तिथे पडलेले आहेत. एखाद्या शब्दाबद्दल शंका राहिली तर कोकुगो जितेन, म्हणजे जपानीतून जपानी कोश उघड, एन-फोरला जड जाईल पण उदाहरणाची वाक्यं तरी वाच. आणि यंत्राकडूनच भाषांतर करून घ्यायचं झालं तर त्याला वेअर देऊच नको, लास्ट्स लाँग दे, फिट्स युअर फूट दे, अर्थ आधीच फोडून दिला की त्याला अंदाज बांधावा लागत नाही.

सुरु आणि त्सुकेरुच्या ओघात एक राहिलंच. मि नि त्सुकेरु म्हणजे शब्दशः अंगाला लावणे, दागिने, कपडे कशालाही चालतं, आणि एखादी कला शिकून आपलीशी करण्यालाही हेच म्हणतात. आपल्या अंगी बाणवण्यासारखं. तुमच्या घरातल्या हातांनी पिढ्यान् पिढ्या जे केलंय त्याबद्दल कार्डाच्या शेवटी दोन ओळी लिहिणार असशील तर हा शब्द तिथे वापर, माझी तर फार इच्छा आहे.

प्रश्न: मॅडम, मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. आमच्या जपानी कस्टमरला इंग्लिशमधून रिपोर्ट गेला त्यात शाफ्टला प्ले, म्हणजे हलण्याइतकी मोकळीक, आहे असं होतं. त्यांच्याकडून उलट विचारणा आली की हा प्ले ठेवलेला आहे की आलेला आहे? आम्ही तर सरळ प्ले म्हणतो. जपानीत ह्याला दोन शब्द आहेत का?

उत्तर: हो दादा, आहेत, आणि त्यांनी विचारलं ते अगदी योग्य विचारलं. जाणूनबुजून ठेवलेली मोकळीक असेल तर आसोबि. आसोबि म्हणजे खेळ, हाच शब्द गाडीच्या स्टिअरिंगला, क्लचला, ब्रेक पेडलला वापरतात, तेवढी मोकळीक नसेल तर गाडी चालवणं अवघड होईल. ती दोषात धरत नाहीत, उलट किती असावी ते ठरलेलं असतं. पण झिजून, सैल होऊन आलेला प्ले असेल तर गाता. हा शब्द गातागाता ह्या आवाजावरून आलाय, आपल्या खडखडीसारखा, आणि रिपोर्टात गातात्सुकि असं लिहितात. गाता म्हटलं की समोरचा माणूस दुरुस्तीचंच धरून चालतो. म्हणजे रिपोर्टात शाफ्टच्या ठरलेल्या मोकळिकीला गाता लिहिलंत तर तिकडे धावपळ उडेल, आणि खरोखर झिजलेल्या बेअरिंगला आसोबि लिहिलंत तर ते निवांत बसतील, दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

गिअरच्या दातांमधला प्ले असेल तर तिथे ह्या दोन्हीपेक्षा बाक्कुराश्शि चालतं, आपण बॅकलॅश म्हणतो तेच. दोन भागांमधली नुसती फट मोजून सांगायची असेल तर सुकिमा, आणि चेन ढिली असेल तर तारुमि.

तुमच्या केसमध्ये मला पत्रावरून वाटतंय की झिजून आलेलाच आहे, तसं असेल तर गातात्सुकि लिहा आणि लगेच पुढे कुठल्या दिशेचा ते टाका, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने असेल तर जिकु होओकोओ, आडवा असेल तर हानकेइ होओकोओ, आणि डायल लावून आलेलं रीडिंग मिलिमीटरमध्ये. ड्रॉइंगमध्ये किती चालतो तो आकडापण शेजारीच द्या, म्हणजे परत विचारायची वेळ त्यांच्यावर येणार नाही.